चार बोटे जागा

मोटारगाडीच्या माहितीपत्रकात अलीकडे काय नसते? इंजिनाची ताकद, एका लिटरला किती किलोमीटर, समोरच्या पडद्याची रुंदी, छताला काच आहे की पत्रा, एअरबॅग किती, हे सारे गुळगुळीत कागदावर रंगीत अक्षरांत छापलेले असते. गाडीची लांबी, रुंदी, उंची आणि पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर तर मिलिमीटरपर्यंत दिलेले असते. मात्र मागच्या आसनावर बसलेल्या माणसाचे गुडघे आणि पुढच्या आसनाची पाठ यांच्यामध्ये किती जागा उरते, हा आकडा आपल्याकडच्या बहुतेक माहितीपत्रकांत शोधूनही सापडत नाही. त्या जागी ‘ऐसपैस’ हा एक शब्द असतो. ज्याचे गुडघे मनाप्रमाणे वाकतात त्याला तो शब्द पुरतो. ज्याच्या घरात न वाकणारा एक पाय आहे, त्याने मात्र त्या शब्दावर विसंबून लाखो रुपये मोजू नयेत, असे माझे मत गेल्या वर्षीच्या अनुभवाने पक्के झाले आहे.

आमच्या घरातला तो पाय माझ्या आईचा. तिचे वय ८२. अडीच वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून तिच्या डाव्या खुब्याचे हाड मोडले आणि सांध्याचा अर्धा भाग बदलावा लागला. त्याच बाजूचा गुडघा आधीपासूनच संधिवाताने आखडलेला. काटकोनाच्या थोडा पुढे वाकतो आणि तिथेच थांबतो. मीरा रोड पूर्वेच्या आमच्या घरात ती वॉकर घेऊन हिंडते, लिफ्टने खाली येते, संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकावर तासभर बसते. दंतवैद्याकडे किंवा भाईंदरच्या बाजारात जायचे असेल तर रिक्षा आहेच. वाहनांच्या जाहिरातीत कुणी म्हणणार नाही, पण वृद्धांच्या दृष्टीने आपली तीनचाकी रिक्षा फार समंजस वाहन आहे. दार नाही, वाकून आत शिरणे नाही, धरायला समोर आडवी दांडी, आणि पाय हवा तसा तिरका ठेवण्याची मुभा. अडचण एवढीच की ती वांद्रे आणि शीवच्या पलीकडे जाऊ शकत नाही, आणि माझी मावशी राहते गिरगावात.

मावशी ७८ वर्षांची, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर एकटी. तिच्या हृदयाला जिने सोसत नाहीत, आईच्या पायाला प्रवास सोसत नाही. शस्त्रक्रियेनंतर एकदाच आम्ही भाड्याच्या लहान गाडीने आईला तिकडे नेले होते. परतताना कांदिवलीच्या आसपास ती एकदम गप्प झाली. घरी आल्यावर डावा पाय गाडीबाहेर काढायला आम्हां दोघांना पाच-सहा मिनिटे लागली. सोसायटीतली मुले खेळ थांबवून पाहत उभी होती. त्यानंतर दोन वर्षे ‘गिरगाव’ हा शब्द निघाला की आई म्हणे, “मला आता प्रवासच नको वाटतो गं.” तिला प्रवास नको झाला आहे असे आम्हीही धरून चाललो असतो. पण दूरध्वनीवर बहिणीशी बोलताना ती गिरगावातल्या प्रत्येक दुकानाची चौकशी करते, हे मी ऐकत होते. तिला प्रवास हवा होता. पाच-सहा मिनिटांचे ते उतरणे तिला पुन्हा नको होते.

गेल्या वर्षी मुलाने गाडी घ्यायचे ठरवले. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, छोट्या गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला, आणि दसऱ्यापासून काशिमीऱ्याच्या परिसरातल्या शोरूममध्ये पाऊल ठेवायला जागा उरली नाही. कराची ही गोष्ट आपल्या गुडघ्यांशी फार जवळून निगडित आहे, म्हणून ती थोडी सांगते. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के करण्यात आले आणि छोटी गाडी कशास म्हणावे हेही ठरवले गेले: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोलचे इंजिन १२०० आणि डिझेलचे १५०० घनसेंटीमीटरच्या आत. पुढे कर बदलले, त्यांची नावे बदलली, पण चार मीटरची ती रेषा आजतागायत तशीच आहे. त्यामुळे आपल्या रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या ३९९० किंवा ३९९५ मिलिमीटरवर येऊन थांबतात. या चार मीटरमध्ये इंजिन बसवायचे, सामानाची डिकी द्यायची आणि दोन रांगांत पाच माणसे बसवायची. कुणाला तरी अंग चोरावे लागणारच. इंजिन चोरत नाही. डिकी ग्राहकाला मोठी हवी असते. पुढे बसणारा बहुधा गाडीचे पैसे देणारा असतो. राहता राहिले मागच्या माणसाचे पाय.

मोजमापाचे शास्त्र नाही असे नव्हे. वाहन-उद्योगात माणसाच्या आकाराचा एक मापनपुतळा आसनावर बसवतात, त्याच्या खुब्याचा बिंदू निश्चित करतात आणि त्या बिंदूपासून घोट्यापर्यंतचे अंतर विशिष्ट रीतीने मोजतात. खुब्याच्या त्या बिंदूला एच-पॉइंट असे नाव आहे. अभियंत्यांना या पद्धतीचा उपयोग होतो, एका गाडीची तुलना दुसरीशी करता येते. परंतु हा पुतळा प्रौढ पुरुषाच्या बांध्याचा असतो, त्याच्या खुब्यात धातूचा गोळा बसवलेला नसतो आणि त्याला गाडीतून उतरायचेही नसते.

चाकांमधले अंतर जास्त तेवढी आत जागा जास्त, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. माझ्या मुलाचेही तेच म्हणणे होते. ते अर्धेच खरे आहे. दोन परिचित गाड्यांची मापे घेऊ. वॅगन-आरची लांबी ३६५५ मिलिमीटर, चाकांमधले अंतर २४३५, उंची १६७५. बलेनोची लांबी ३९९०, चाकांमधले अंतर २५२०, उंची १५००. कागदावर दुसरी गाडी पुष्कळ लांब. पण उंच छताच्या गाडीत आसनही उंच बांधता येते, माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो, पोटऱ्या सरळ खाली येतात आणि पाय कमी लांबीत मावतात. बुटक्या गाडीत आसन जमिनीलगत जाते, पाय पुढे पसरावे लागतात, आणि पसरायला जागा नसेल तर गुडघे वर येतात. खुबा बदललेल्या माणसाला नेमके हेच वर्ज्य. गुडघा खुब्याच्या पातळीच्या वर जाऊ नये, कंबरेत काटकोनापेक्षा अधिक वाकू नये, पायावर पाय टाकू नये, या सूचना शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना देतात. त्या किती काळ पाळायच्या हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर अवलंबून असते आणि आपल्याच डॉक्टरांना विचारायचे असते. आईला तिच्या डॉक्टरांनी बुटके आसन कायमचे टाळायला सांगितले आहे. वर दिलेल्या दोन गाड्या केवळ उदाहरणादाखल आहेत. ही घ्या, ती घेऊ नका, असे मला सुचवायचे नाही. लांबीची उणीव काही अंशी उंची भरून काढते, आणि हे माहितीपत्रकातल्या एकट्या आकड्यावरून कळत नाही, एवढेच सांगायचे आहे.

म्हणून शोरूममध्ये जाण्यापूर्वी मी घरातच मोजमाप केले. शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि आई ज्या खुर्चीवरून कुणाच्या आधाराविना उठते त्या खुर्चीची उंची मोजली: ४९ सेंटीमीटर. जुन्या दिवाणावरून तिला उठवत नाही. त्याची उंची ४० भरली. म्हणजे गाडीचे आसन जमिनीपासून या दोन आकड्यांपैकी पहिल्याच्या जवळपास हवे. मग तिला भिंतीला पाठ टेकवून बसवले आणि पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत मोजले, एकदा गुडघा जितका वाकतो तितका वाकवून आणि एकदा ती आपण होऊन ठेवते तसा ठेवून. दोहोंत टाचेची जागा वीतभर पुढे गेली. ही वीत कुठल्याही पुतळ्याच्या मापात धरलेली नसते. सारे आकडे एका चिठ्ठीवर लिहून मी पर्समध्ये ठेवले. मुलगा हसला, पण पुढे तीच चिठ्ठी तो मागू लागला.

शोरूमची एक रीत सर्वांनी ध्यानात घ्यावी. दाखवायला ठेवलेल्या गाडीची पुढची आसने बहुधा पुढे सरकवून ठेवलेली असतात. मागचे दार उघडताच दिवाणखाना दिसावा अशी योजना. एका ठिकाणी तर विक्रेत्या तरुणाने आम्हांला मागे बसवून मोठ्या अभिमानाने सांगितले, “बघा काकू, पाय लांब करून बसा.” माझा मुलगा सहा फूट उंच. मी त्याला म्हटले, तू आधी चालवायला बस. त्याने आसन मागे घेतले, पाठ थोडी कलती केली, आरसे पाहिले, आणि मागचा दिवाणखाना पाहता पाहता बोळ झाला. विक्रेत्याने लगेच सुचवले, आजींना डावीकडे, साहेबांच्या मागे नको. पण डावीकडे पुढे माझे पती बसणार, आणि तेही काही लहान चणीचे नाहीत. तेव्हा क्रम असा असावा: जो गाडी चालवणार त्याने प्रथम आपले आसन लांबच्या प्रवासाला लावतो तसे लावावे, शेजारच्याने आपले, आणि मग ज्येष्ठांनी मागे बसावे. बसल्यावर गुडघा आणि पुढची पाठ यांच्यात हाताची चार बोटे आडवी सहज जावीत. हे माप कुठल्या ग्रंथातले नव्हे, आमच्या घरचे आहे. पण टेप विसरली तरी बोटे विसरत नाहीत.

गुडघ्यापुढची जागा पाहिली की काम संपले असे समजू नये. पावले कुठे जातात हे वाकून पाहावे. पुढच्या आसनाखाली पंजा सरकत असेल तर मागच्या माणसाला बरीच जागा आपसूक मिळते; पण चालकाने आसन अगदी खाली घेतले की तीच फट बुजते. काही गाड्यांत आसनाखाली वातानुकूलनाची नळी किंवा अग्निशामक नळकांडे असते आणि बोटे त्यावर आपटतात. विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी सहसा तळाशी असते. त्यामुळे काही गाड्यांत मागची जमीन उंचावते आणि आसन त्या प्रमाणात उंच नसेल तर गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात. आणखी एक चलाखी आहे. आसनाची बैठकच आखूड केली की गुडघ्यापुढे जागा वाढल्यासारखी दिसते, पण मांडीला आधार उरत नाही आणि सारे वजन माकडहाडावर येते. अर्ध्या तासात कंबर बोलू लागते. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खाच यांच्यात दोन-तीन बोटांचे अंतर असावे. त्याहून फार अधिक असेल तर ती जागा आपल्या मांडीतून कापून दिलेली आहे असे खुशाल समजावे.

आणि दार! मला विचाराल तर मागच्या जागेचे खरे माप आत नसून दारात असते. दोन दारांमधला खांब आणि बैठकीची कड यांच्यातली जी अरुंद फट, तिच्यातून पाऊल आत जाते आणि बाहेर येते. निरोगी माणूस पाऊल वळवून, गुडघा छातीशी घेऊन निसटतो. न वाकणारा पाय मात्र त्या फटीत अडकतो. भाड्याच्या त्या गाडीत आईचा पाय नेमका इथेच अडकला होता, आत बसल्यावर तिला फारसा त्रास नव्हता. दाराचा उंबरठा किती उंच, तो आतल्या जमिनीहून किती वर, दार किती अंशांत उघडते, छत मागे उतरते असल्यास मान किती वाकवावी लागते, हेही पाहावे. कोणत्या बाजूचा पाय आखडलेला आहे यावर कोणते दार सोयीचे हे ठरते, असे आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले आणि ते पुरेपूर खरे ठरले. डाव्या दाराने बसताना डावा पाय शेवटी आत येतो आणि खांबाशी सर्वांत जास्त वाकावा लागतो. उजव्या दाराने बसल्यास तोच पाय आधी, सरळ, आत आडवा जातो. पण उजवे दार वाहत्या रस्त्याकडे उघडते. तेव्हा ती सोय सोसायटीच्या आवारात, रस्त्यावर कदापि नाही. रस्त्यावर डावे दारच. त्याची रीत अशी: आधी पाठमोरे होऊन बैठकीवर टेकायचे, मागे सरायचे, आणि मग दोन्ही पाय एकदम आत वळवायचे. बैठकीवर गुळगुळीत कापड किंवा प्लॅस्टिकची पिशवी अंथरली की वळणे हलके होते. गाडी सुरू होण्यापूर्वी ती मात्र काढून घ्यावी. उघड्या दाराचा आधार घेऊ नये, ते हलते. बाहेरच्या बाजूला वळणारे आसन बसवून घेण्याची सोयही आता आपल्याकडे मिळू लागली आहे. ज्यांना परवडते आणि ज्यांच्या गाडीला ती अधिकृतपणे बसते त्यांनी जरूर चौकशी करावी.

हे सगळे मोजता येते. जे मोजता येत नाही त्याचे नाव ‘चालेल’.

आम्ही चार गाड्या पाहिल्या आणि आई चारही गाड्यांत म्हणाली, “चालेल.” पहिल्या गाडीत आसन इतके खोल होते की तिला बसवताना माझ्या पतींना तिच्या काखेत हात घालावा लागला, तीही चालेल. दुसरी मुलाच्या आवडीची, उंच, रुबाबदार, पायरी असलेली. त्या पायरीवर तिचे पाऊल आडवे मावत नव्हते, तीही चालेल. त्या पिढीतल्या बायकांनी आयुष्यभर हा शब्द वापरून घर सांभाळले आहे. नातवाचे पैसे, जावयाचा वेळ, ताटकळत उभा असलेला विक्रेता, हे सगळे दिसत असताना ‘माझा पाय अडतो’ असे ती कशी म्हणेल? म्हणून ज्येष्ठांना गाडीत बसवून “बरं वाटतंय ना?” असे विचारण्यात अर्थ नाही. विचारू नये, पाहावे. हात कुठे आहेत ते पाहावे. पहिल्या गाडीत आईने पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरली होती, बोटांची पेरे पांढरी पडली होती. दुसरीत तिने दोन्ही हातांनी साडीसकट डावी मांडी उचलून आत ठेवली आणि ती कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून लगेच पदर सारखा केला. तिसरीत ती बसली खरी, पण शरीर अर्धे दाराकडे वळलेले. चौथीत बसल्यावर काही क्षणांतच तिने पर्स उघडली, चष्मा काढला आणि काचेतून बाहेरच्या पाट्या वाचू लागली. पायाचा विसर पडला होता. मी मुलाकडे पाहिले. त्यानेही ते पाहिले होते.

त्या चौथ्या गाडीत आम्ही तिला वीस मिनिटे बसू दिले. विक्रेत्याला ते विचित्र वाटले. पण गाडी पहिल्या दोन मिनिटांत सर्वांनाच गोड बोलते, सांधा मात्र उशिरा बोलतो. शिवाय पाय मावणे वेगळे आणि पाय हलवता येणे वेगळे. एकाच स्थितीत दीर्घकाळ बसल्याने पोटरीतले रक्त संथ होते. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले चालू असताना निवाऱ्यांत रात्र रात्र कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढणाऱ्यांत फुप्फुसात गुठळी अडकून झालेल्या मृत्यूंकडे कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक तज्ज्ञाने लक्ष वेधले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले की चार तास वा अधिक काळ न हलता बसून केलेल्या प्रवासानंतर, मग तो विमानाचा असो, रेल्वेचा, बसचा वा मोटारीचा, अशा गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळातला धोका लहान असतो, त्यामुळे घाबरून जाऊ नये. परंतु नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि पूर्वी गुठळी झालेल्यांनी प्रवासाआधी डॉक्टरांना विचारावे, आणि एकाच पोटरीला सूज, दुखणे, ऊब जाणवली तर उद्यावर ढकलू नये. मीरा रोड ते गिरगाव हे अंतर चाळीसेक किलोमीटरच. पण दहिसर नाक्याची कोंडी ज्याने पाहिली आहे तो अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, वाहनांची रांग काही माफ झाली नाही. अशा रांगेत घोटा वर-खाली करता यावा, टाच पुढे सरकवता यावी, चप्पल काढून पुन्हा पायात घालता यावी, एवढी जागा हवी. आईकडून चप्पल काढवून आणि घालवून घेतली. जमले.

दुसऱ्या दिवशी चाचणीसाठी गाडी आमच्या फाटकाशीच मागवली. शोरूमची फरशी आरशासारखी सपाट असते. आमच्या फाटकापुढे पेव्हर ब्लॉकचा उतार आहे, कडेला गटाराची जाळी आहे, आणि तळमजल्याच्या पार्किंगमध्ये शेजारची गाडी इतकी जवळ की दार निम्मेच उघडते. आई रोज जिथे गाडीत बसणार तिथेच तिला बसवून पाहिले. उतारामुळे आसन डावीकडून दोन बोटे खाली गेले. गाडी हातभर पुढे घेतल्यावर बरोबर झाले. तिथे मुलाने खडूने एक रेघ ओढली. पावसाने ती पुसते, तो पुन्हा ओढतो.

डिकीतही एक परीक्षा घेतली. आपल्या भागात सीएनजीची गाडी घेण्याकडे साहजिकच ओढा असतो. पण टाकी डिकीत आली की वॉकर कुठे ठेवायचा? तो मागच्या आसनापुढे येतो, म्हणजे ज्याच्यासाठी जागा शोधली त्याच्याच पायांत. टाकी तळाशी दडवून वरची जागा मोकळी ठेवणारी रचना काही गाड्यांत आहे. आपला वॉकर, चाकाची खुर्ची असल्यास तीही, घडी करून प्रत्यक्ष आत ठेवून पाहावी. आम्ही पेट्रोलवर समाधान मानले.

पुढच्या आसनाचा विचारही केला होता, आणि तो अनेकांना उपयोगी पडेल. पुढचे दार सहसा रुंद असते, आसन मागे सरकते, पाठ कलते. घरात एकच ज्येष्ठ आणि एकच चालक असेल तर पुढचीच जागा उत्तम. मात्र एअरबॅग उघडताना जोराने येते. छाती आणि तिचे झाकण यांच्यात किमान २५ सेंटीमीटर अंतर राहावे आणि पट्टा लावलेला असावा. आईला पुढे समोरून अंगावर येणारे ट्रक पाहवत नाहीत, म्हणून ती मागे. पट्टा तिथेही लावतोच. त्याचे बक्कल तिच्या हाताला स्वतःहून लागते की नाही, हेही त्या वीस मिनिटांत पाहून घेतले होते.

गाडीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. ती आमच्या आईच्या डाव्या पायाच्या मापाची आहे, तुमच्याकडचा पाय वेगळा असेल. मुलाला हवा असलेला मोठा पडदा तिच्यात नाही आणि रंगही त्याच्या मनासारखा मिळाला नाही. आई अधूनमधून विचारते, “तुला ती दुसरीच आवडली होती ना रे?” तो म्हणतो, “आजी, तिच्यात माझं डोकं लागत होतं.” ते काही खरे नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही गिरगावला गेलो. दहिसरला अर्धा तास गेला, अंधेरीला आणखी थोडा. आईने वाटेत दोनदा चपला काढल्या आणि दोनदा घातल्या, आणि वांद्र्याला समुद्र दिसल्यावर काच खाली करायला लावली. चाळीपाशी गाडी थांबवायला जागा मिळेना; मुलाने पुढे जाऊन वळसा घेतला. परत येऊन पाहतो तो मावशी, जिला जिना वर्ज्य आहे, ती दोन मजले उतरून खालच्या पायरीवर येऊन बसली होती.